पावने आले

हिराला भीती होती ती टीव्ही न बिघडण्याची. हसू नका, पुरतं ऐका. साऱ्या जगाचा जीव टीव्ही बंद पडला की वरखाली होतो. इथं पोरगा छातीठोकपणे सांगत होता की नव्या जोडणीवर चित्र कधी हलणारसुद्धा नाही, आणि आई नेमकी त्यालाच भीत होती.

घर दांडीच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी. नवरा एकनाथ लहान होडी घेऊन दर्यात जातो, भरती-ओहोटी बघून निघतो आणि दिवस मावळायच्या सुमाराला परततो. हिरा बोंबील वाळवते, ताजी मासळी पाटीत भरून बोईसरच्या बाजारात नेते. तिथं तिच्याशी घासाघीस करणाऱ्याची धडगत नाही. एकदा एका साहेबानं बोंबील उचलून नाकाशी नेला, तर ही म्हणाली, "वास काय घेतोस बाबा, अत्तर हाय का ते?" कुणाच्या बापाला न भिणारी बाई. पण एकनाथची होडी खाडीबाहेर पडली, की हीच बाई घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते आणि दहा वेळा दाराशी येऊन जाते. होडी परत लागली की मग पहिल्यांदा धड श्वास घेते.

मुलगा सुजीत बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला. त्याची बायको सलोनी वाणगावची, बापाची तिथं मिरच्यांची वाडी. पोर गुणाची, हाताला चपळ, पण दर्याचं तिला काही म्हणजे काही ठाऊक नाही. भरतीची वेळ विचारलीत तर ती मोबाईल उघडते.

सुट्टीच्या दिवशी ओटीवर चहा पिताना सुजीतनं विषय काढला. "आये, डिशचा रिचार्ज संपत आलाय. आता परत नको मारायला. नेटवरचा टीव्ही घेऊया. एकाच वायरीतून नेट पन आणि टीव्ही पन. मॅच चुकली तर मागं नेऊन बघायची."

"आणि माझी मालिका बाबांच्या बातम्यांपायी रोज बुडते," सलोनी आतून म्हणाली, "ती मला दुसऱ्या दिवशी बघता येईल."

हिरानं बशी खाली ठेवली. "नरहरीची केबल का नको मग? सगळ्या वाड्यात हाय."

"नरहरीची वायर खाऱ्या वाऱ्यानं सडते. फोन केला की निघालोच म्हणतो, आणि उगवतो चार दिवसांनी."

"उगवतो तरी! ही नेटवाली मानसं कुठं बसतात, तुला ठावं हाय का? त्यांना फोन लावला की बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. मी दाबत बसू?"

सुजीत हसला. पोरगा सरळ आहे, लबाडी नाही त्याच्यात. त्यानं नव्या जोडणीची खोटही सांगितली. लाईट गेली की तो नेटचा डबा गप्प, त्याला वेगळी बॅटरी लावावी लागेल. कुणी रस्ता खोदताना वायर तोडली तर टीव्हीही गेला आणि नेटही गेलं. सलोनीनं सुचवलं की वायर नकोच, टीव्हीच्या मागं नुसती काडी लावायची आणि मोबाईलचं नेट द्यायचं. पण कोळीवाड्यात मोबाईलचं नेट म्हणजे आलं तर आलं, रुसलं तर रुसलं. त्या काडीवर मालिकेतली सासू तोंड उघडून अर्धा तास तशीच राहिली असती. तेव्हा ते बारगळलं.

सगळं ऐकून हिरानं हळूच विचारलं, "आनि पाऊस आला की? डिश जातो तसं हे जातं का?"

"तोच तर फायदा आये!" सुजीतनं मांडीवर थाप मारली. "डिशला आभाळातनं सिग्नल येतो, ढग आडवा आला की संपला खेळ. हे जमिनीवरनं येनार. कसलाबी पाऊस येऊ दे, चित्र हलनार नाय!"

हिरा उठून मागच्या पडवीत गेली आणि छपरावरच्या डिशकडं बघत उभी राहिली.

आता त्या डिशचं काय ते सांगतो. हिराचं माहेर एडवणचं. तिचा पाठचा भाऊ रामा तिथूनच होडीवर जायचा. सुजीत तेव्हा शाळेत होता. दसरा नुकताच झालेला, ऊन मी म्हणत होतं, आणि हिरा मासळी विकून आल्यावर इथं दांडीला टीव्हीपुढं जरा टेकली होती. टीव्हीवरचं चांगलं चाललेलं चित्र एकाएकी फुटायला लागलं. माणसांच्या तोंडांचे चौकोन झाले, आवाज तुटला, मग नुसतीच निळी पाटी. हिरानं टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या, डिशवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. थोड्याच वेळात डोंगराकडून वादळ आलं. ते दांडीवरून गेलं, एडवणवरूनही गेलं. रामाची होडी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली, तीही अर्धी. रामा आलाच नाही.

पुढं कितीतरी दिवस हिराच्या डोळ्यांपुढं भावाच्या आधी ते चौकोन यायचे. टीव्ही सांगत होता, आणि आपण त्याला मारलं. तेव्हापासून तिनं ध्यानात ठेवलं. डिशचं तोंड डोंगराच्या अंगाला. मोठा ढग त्या बाजूनं उठला की आधी चित्र फुटतं, वारा मागाहून येतो. दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांतली वादळं तिकडूनच येतात. दर्यात बसलेल्या माणसाला ती लवकर दिसत नाहीत, कारण बोईसरच्या कंपन्यांच्या धुरानं ती बाजू बारा महिने मळकीच. ढग कुठला आणि धूर कुठला, सांगायचं कुणी?

म्हणून बाजारातून आल्यावर होडी बाहेर असली की हिराच्या घरात टीव्ही चालू. चित्र फुटलं की ती एकनाथला मोबाईल लावायची. तो जाळं टाकायचा तिथवर रेंज पोचायची, निदान बहुतेक वेळा. आणि ती दोनच शब्द बोलायची: "पावने आले."

वादळ हा शब्द ती काढत नसे. तिच्या आईनं, जमुनानं, लहानपणीच बजावलं होतं: घरातलं माणूस दर्यात असताना वादळाचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की ते आपलं घर शोधत येतं. म्हणायचं पावने. एकनाथला ते माहीत होतं. तो हिराला कधी विचारत नसे की तुला कसं कळलं. बाईमाणसाच्या जिवाला कळतं, एवढंच त्याचं म्हणणं. जाळं आवरायचा आणि यायचा. कधी वादळ यायचं, कधी नुसतीच सर येऊन जायची. एकदा तर डिशवर कावळा बसला होता, त्याच्या पायानं तार हलली, आणि एकनाथ भरलं जाळं सोडून घरी आला. त्या दिवशी हिरानं कावळ्याचं नाव कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून चित्र फुटलं की आधी बाहेर जाऊन कावळा बघायचा, मग फोन, असं तिनं ठरवून टाकलं.

हे सगळं पोराला सांगायचं कसं? सांगायला गेलं तर तो शब्द काढावा लागतो, आणि एकनाथ एक तर दर्यात असतो नाही तर निघायच्या तयारीत. शिवाय पोरगा हसला असता. त्याच्या हसण्याचंही भय होतंच.

तिनं भलताच मार्ग काढला. बाजारात तिच्याशेजारी सोमी भाजी घेऊन बसते. तिच्या घरी फुकटची डिश होती, रिचार्ज नाही, काही नाही, सरकारी वाहिन्या आणि थोड्या इतर. हिरानं घरी येऊन सांगितलं, "पुढं तुमचा नेटवाला लावा. जुना टीव्ही मागच्या पडवीत ठेवा आनि त्याला ती फुकटवाली डिश लावून द्या. मला भजन बघायचं हाय."

"तू आनि भजन?" एकनाथनं डोळे मोठे केले. "देवळात आरतीला उभी ऱ्हायलीस तर मासळीचा भाव बोलतेस."

"म्हातारपन आलं. तुमाला नाय आलं, मला आलं."

जोडणी करायला शैलेश नावाचा पोरगा आला. भिंतीला भोक पाडलं, पांढरा डबा बसवला, पुढच्या खोलीतला नवा टीव्ही असा लखलखला की सलोनीनं टाळ्याच वाजवल्या. मग शैलेश शिडी घेऊन जुनी डिश काढायला निघाला, तर हिरा शिडीला आडवी.

"डिश ऱ्हाऊ दे. ती फुकटवाली लावून दे."

"देतो मावशी. तोंड थोडं फिरवावं लागेल."

हिराचा जीव उडाला. "कुठं फिरवनार? डोंगराकडंच ऱ्हायला पायजे!"

"डोंगराकडंच राहील हो, थोडंसं सरकवतो. तुम्हाला काय, डोंगरातला देव दिसतो का त्यात?"

"व्हय, दिसतो," हिरा म्हणाली. शैलेश हसत वर चढला.

काही दिवस बरे गेले. पुढच्या खोलीत सलोनीची मालिका, मागं पडवीत हिराचं भजन. डोळे भजनावर, कान दर्यावर. पण घरात दोन टीव्ही झाले आणि भीतीही दोन झाल्या. पुढचा टीव्ही इतका स्वच्छ, इतका गप्प चालायचा की हिराला त्याचा राग यायचा. उद्या आपण आजारी पडलो, पडवीत कुणी बसलंच नाही, तर हा मेला हसत-खेळत दाखवत राहील आणि तिकडं माणूस जाईल. रात्री झोपताना ती एकनाथच्या अंगावर हात टाकून तो तिथंच आहे ना, हे बघायची.

आणि मग घात झाला तो भलतीकडूनच.

हिरा बाजारात गेली होती. दुपारी सलोनीचे आईबाप वाणगावहून न सांगता आले, पिशवीभर ताज्या मिरच्या घेऊन. व्याही आले आणि घरात बापई माणूस नाही, हे बरं दिसेना, म्हणून सलोनीनं सासऱ्याला फोन लावला. रेंज तुटत होती. तिनं ओरडून सांगितलं, "बाबा, पाहुणे आलेत! पाहुणे! लवकर या!"

एकनाथच्या कानी पडलं ते 'पाहुणे आलेत' एवढंच. हिरानं सुनेकरवी निरोप दिला म्हणजे भीतीनं तिला स्वतःला बोलवत नसेल, असं त्याला वाटलं. त्यानं जाळं तोडलं. हो, तोडलंच, आवरायला वेळ कुठला? शेजारच्या होड्यांना हाका मारल्या, "पावने आले रे, चला!" एवढ्या वर्षांत तो इशारा त्यांनाही कळत होता, त्या तीन होड्याही मागोमाग निघाल्या. किनाऱ्याला लागून तो चिखलातून धावत घरी आला, तर आभाळ निरभ्र, आणि ओटीवर व्याही पंख्याखाली बसून सरबत पीत होते.

"या या," व्याही म्हणाले. "तुमची वाट बघत होतो."

वाड्यात त्याची जी चेष्टा झाली ती विचारू नका. पाण्याला जाताना, जाळी विणताना, जो तो म्हणायचा, "एकनाथ, पावने आले रे! सरबत कर!" एकनाथ सुनेवर रागावला नाही, तिला काय माहीत. तोही हसायला शिकला. पण हिरा बाजारातून येऊन हे सगळं ऐकताच मटकन खाली बसली. सलोनी रडकुंडीला आली, "आई, माझं काय चुकलं?"

"तुझं नाय गं बाय काय चुकलं," हिरा म्हणाली.

दोन शब्द होते तिच्याजवळ, आणि त्यांची थट्टा झाली होती. आता पावने म्हटलं की लोक हसणार. दुसरा शब्द ठरवावा, तर तो कशासाठी ते एकनाथला समजावून सांगायला हवं. तिनं एका रात्री तोंड उघडलं, "अवो, आता मी दुसरं कायतरी म्हनत जाईन..."

"व्याही म्हन," एकनाथ म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसत कुशीवर वळला. हिरा जागी राहिली. तिला एवढं भय रामा गेल्यावरही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारपासून हवा अशी कोंदली की पान हलेना. हिरा बाजारातून लवकर परतली. पुढच्या खोलीत सलोनीची मालिका चालली होती, चित्र लख्ख. हिरानं पाटी टाकली आणि पाय न धुताच पडवीतला टीव्ही लावला. एक बुवा टाळ वाजवत होते. बुवांच्या कपाळाचा एक तुकडा बाजूला सरकला. मग टाळाचा. मग बुवा चौकोन चौकोन झाले आणि नाहीसे झाले.

हिरा बाहेर धावली. डिशवर कावळा नव्हता. ती हात जोडून म्हणाली, "कावळा असता तर बरं झालं असतं रे देवा." डोंगराकडं आभाळ मळकं होतं, रोज असतं तसंच.

फोन लागला. मागं इंजिनाची धडधड आणि माणसांचे आवाज.

"अवो, पावने आले."

पलीकडं एकनाथ हसला. "कोनचे? वाणगावचे? मिरच्या आनल्या का?" मागून कुणीतरी ओरडलं, "सरबत कर म्हनावं!" आणि सगळे खिदळले.

"हसू नका! खरं सांगते, पावने आले!"

"बस जरा, जाळं भरायला आलंय. त्यांना सांग, येतो..." आवाज तुटला, परत आला, परत तुटला.

हिरानं दाराची चौकट धरली. आईचा हात तोंडावर असल्यासारखं वाटत होतं. रामाची अर्धी होडी तिला दिसली. आणि सबंध आयुष्यात दर्यातल्या माणसाशी जो शब्द ती बोलली नव्हती, तो ती ओरडली, "वादळ! वादळ येतंय! ऐकलं का? वादळ!"

पुढच्या खोलीत सलोनीनं टीव्हीचा आवाज बंद केला. फोनमध्ये कुणी हसत नव्हतं. मग फोनच गेला. ऐकलं की नाही ऐकलं, काही कळलं नाही. परत लावला, लागेना. परत, परत. सलोनी पळत आली, "आई, काय झालं?" हिरा तिला हाताला धरून किनाऱ्याकडं निघाली.

दोघी किनाऱ्यावर पोचल्या आणि पाठीमागून थंड वारा आला. मागाहून धूळ, मग गडगडाट. वाड्यातली लाईट गेली. नवा टीव्ही, पांढरा डबा, पडवीतला जुना टीव्ही, सगळे एकदमच गेले. हिराच्या मनात एकच चाललं होतं: नाव घेतलं, मी नाव घेतलं, आता ते आपलंच घर शोधणार. ती पुटपुटत होती, "माझं घर ने, छप्पर ने, मानूस नको नेऊ." सलोनीनं तिच्या कमरेभोवती हात घट्ट धरला होता.

पहिली होडी पावसाच्या पडद्यातून आली. एकनाथची नव्हती. दुसरी आली. तीही नव्हती. त्यातला माणूस काहीतरी ओरडला, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. तिसरी आली, तीही दुसऱ्याच कुणाची. मग खूप वेळ काहीच आलं नाही. लाटा नुसत्या काळ्या.

एकनाथची होडी सगळ्यांत शेवटी आली, तिरकी, पाण्यानं अर्धी भरलेली. तिघा-चौघांनी पाण्यात उतरून ती ओढली. एकनाथ खाली उतरला तो बसलाच. "सगळ्यांना सांगत आलो," तो धापा टाकत म्हणाला. "एक होडी लांब होती. तिला सांगितल्याबिगर कसा येनार?" मग त्यानं हिराकडं बघितलं. "तू नाव घेतलंस."

"घेतलं."

"पावने म्हनत ऱ्हायली असतीस तर मी आलो नसतो, हिरा."

तिनं त्याला कडकडून धरलं आणि वाड्यासमोर, सुनेसमोर, मोठ्यानं रडली. तिच्या रडण्यावर कुणी हसलं नाही.

सुजीत कंपनीतून घरी आला तेव्हा हिरानं डिशचं, चौकोनांचं, कावळ्याचं सगळं त्याला आणि सलोनीला सांगितलं. हवामानाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर आला होता, पण मोबाईल कंपनीच्या लॉकरमध्ये, कारण आत नेऊ देत नाहीत. तो बराच वेळ पडवीत उभा राहून जुन्या टीव्हीकडं बघत होता. "आये, हे मला सांगितलं का नाय?" त्यानं जेवताना विचारलं. हिरानं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

होडीत नवं जाळं भरून एकनाथ पुन्हा दर्यात गेला. न जाऊन सांगतो कुणाला? हिराला बाजारात जायचंच होतं, पाटी डोक्यावर घेऊन ती दारात घुटमळत होती. आत बघितलं तर पुढचा टीव्ही बंद. सलोनी भाजी निवडायचं ताट घेऊन मागच्या पडवीत बुवांसमोर बसली होती. मालिकेची वेळ होती, तरी.

"तुम्ही जा आई, मी आहे इथं," ती म्हणाली. मग निवडायची थांबली. "चौकोन आले तर आधी कावळा बघते. पण बाबांना सांगायचं काय?"

होडी दर्यात होती. हिरानं पाटी उतरवली, दोन्ही हातांनी चौकट धरली.

"नाव घे," ती म्हणाली. "वादळ म्हन. आनि तो हसला, तर परत म्हन."